शिक्षक ‘इतर’ या रकान्यात का?

गेल्या जूनमध्ये चुलत बहिणीसोबत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ती गणित घेऊन बी.एससी. झाली आहे आणि तिला बी.एड. करायचं आहे. चाचा रिक्षा चालवतात, त्यामुळे फीचा प्रश्न होताच. आपल्याच समाजातल्या एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला. ‘अभ्यासक्रम निवडा’ म्हटलं होतं. यादीत एमबीबीएस, बी.ई., बी.फार्म., एमबीए, सीए, लॉ होतं आणि अगदी तळाला ‘इतर’. ती म्हणाली, “भाईजान, मी इतर का?” आम्ही ‘इतर’ निवडून अर्ज पाठवला. उत्तर आजवर आलेलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. असे अर्ज तयार करणं हा माझ्या कामाचाच भाग. म्हणून खात्रीने सांगतो, यादीत काय असावं हे कॉम्प्युटर ठरवत नाही. कुणीतरी बैठकीत ते सांगितलेलं असतं. त्या बैठकीत शिक्षक कुणाला आठवला नाही.

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे, कारण मी स्वतः अशाच पैशावर शिकलो. एका ट्रस्टने माझी दोन वर्षांची फी भरली. नोकरी लागल्यावर गावात गुणगौरव समारंभ झाला, शाल मिळाली, चौकात फ्लेक्स लागला. ज्या सरांनी मला आठवीत बीजगणित शिकवलं, ते त्या दिवशी श्रोत्यांत तिसऱ्या रांगेत बसले होते. तेव्हा ते मला खटकलं नाही, याची आज लाज वाटते.

‘सरकारी शिष्यवृत्त्या आहेत ना?’ असं विचारणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावं. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती मर्यादित केली. त्याच वर्षी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद करण्याची घोषणा संसदेत झाली. याविरुद्ध आपण बोललंच पाहिजे. राज्यात महाडीबीटीवर योजना आहेत. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. पण तिथे प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यातून ‘ओळखीने’ जागा घेतली की सवलत गेली. किती घरांना हे प्रवेश घेतल्यानंतर कळतं! आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर काढायला आपण उठतो ते शेवटच्या आठवड्यात.

फी माफ झाली तरी खर्च उरतोच. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात वीस आठवडे शाळेत प्रत्यक्ष अध्यापन करावं लागतं. त्या काळात दिवसा दुसरं काम करता येत नाही, उलट शाळेत जाण्यायेण्याचं भाडं, पाठासाठी लागणारं साहित्य, झेरॉक्स हे सगळं खिशातून. पुढे टीईटी, सीटीईटी आणि भरतीसाठीच्या परीक्षांची फी. गरीब घरातली मुलगी अशा पाच-सातशे रुपयांपाशी अडते आणि घरचे म्हणतात, राहू दे, आता लग्नाचं बघू.

मी काही विश्वस्तांना भेटलो. एकांनी सरळ सांगितलं, “बेटा, मुली बी.एड. करतात आणि लग्न करून घरी बसतात. पैसा वाया जातो.” मी विचारलं, इंजिनीअर होऊन दुबईला गेलेल्या मुलांकडून तुम्ही हिशेब घेता का? ते हसले. दुसऱ्यांचा मुद्दा जास्त खरा होता: “भरतीच होत नाही, शिकवून करायचं काय?” भरती रखडते, हे खरं आहे. खासगी शाळांत तुटपुंज्या पगारावर राबवलं जातं, हेही खरं. पण डिग्री हातात घेऊन फिरणारे इंजिनीअरही कमी नाहीत. तरी त्यांची यादी कुणी बंद केली नाही. आणि भरती निघेल तेव्हा आपल्या मुलींकडे पात्रताच नसेल, तर रिकाम्या जागांबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

जकातीचं कारणही ऐकलं. गरीब इंजिनीअरिंगच्या मुलाला जकात चालते, मग तितक्याच गरीब बी.एड.च्या मुलीला का चालू नये? गरज माणसाची बघायची की त्याच्या डिग्रीची?

सच्चर समितीचा अहवाल येऊन किती वर्षं झाली! २००६ पासून आपण व्यासपीठावरून त्याचे आकडे वाचतो आणि टाळ्या घेतो. शाळा सुटण्याचं प्रमाण, गणित-विज्ञानाची भीती, यावर परिसंवाद भरवतो. पण ही मुलं शाळेत टिकवायची कुणी? चांगला शिक्षक घडवायलाच आपण पैसे देत नसू, तर ते परिसंवाद बंद करावेत, निदान हॉलचं भाडं वाचेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ट्रस्टने आपल्या अर्जात बी.एड. आणि डी.एल.एड. ही नावं स्पष्ट लिहावीत. मदत फी भरण्याच्या तारखेआधी द्यावी, वर्षअखेरीस समारंभात नव्हे. प्रवासभाडं आणि परीक्षा फी यासाठी छोटी, लगेच मिळणारी रक्कम ठेवावी. अर्ज नाकारला तर तसं कळवावं, म्हणजे मुलगी दुसरं दार ठोठावेल. एका वर्षाच्या स्मृतिचिन्हांचा आणि फ्लेक्सचा खर्च यासाठी वळवला तरी सुरुवात होईल.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो: दाखले मे महिन्याआधी काढा, बँक खातं आधारशी जोडलंय का ते तपासा, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्या आणि यादीत नाव नसलं तरी अर्ज करा. सोबत पत्र जोडून विचारा, ‘आमचा अभ्यासक्रम का नाही?’ दहा पत्रं आली की बैठकीत विषय निघतो.

आणि माझ्यासारख्या आयटीवाल्यांनो, आपण कुणाच्या तरी पैशावर शिकलो. यंदा जकात देताना ट्रस्टला सांगा की ही रक्कम शिक्षक होणाऱ्यासाठी आहे. मी सांगितलं. अर्जाची यादी फुकट दुरुस्त करून देतो, असंही सांगितलं. दोन ओळींचं काम आहे. अजून होकार आलेला नाही, पण मी दर जुम्म्याला विचारतो.