सशाचा खरारा

शेतकीच्या मासिकांत सशाच्या केंसांविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांस हंसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. भाताची लावणी, खतांचे भाव, रानडुकरांचा उपद्रव हे विषय सोडून हें काय काढलें, असेंही कोणी म्हणेल. परंतु कर्जत व खालापूर या तालुक्यांतील खेड्यांची हल्लींची स्थिति पाहिली तर ससा हा आतां केवळ शहरांतल्या मुलांचा खेळ राहिलेला नाहीं. नेरळपासून चौक गांवापर्यंत कित्येक शेतकऱ्यांनीं पाहुण्यांसाठीं शेतावर खोल्या बांधिल्या आहेत, आणि मुंबईहून येणाऱ्या मुलांस दाखविण्याकरितां कोंबड्या-बदकांच्या जोडीस सशांचा एखादा पिंजराही ठेविलेला दिसतो. पिंजरा आला, ससे आले; त्यांची निगा कशी राखावी हें ज्ञान मात्र त्यांच्याबरोबर आलें नाहीं.

आम्हांस स्वतःस तें फार महाग पडलें. आमचा जन्म शेतकऱ्याच्या घरचा, पण उमर गेली महसूल कचेरींत सात-बाराचे उतारे लिहिण्यांत. सेवानिवृत्त होऊन घरीं बसलों त्या सालीं नातवंडांसाठीं दोन ससे आले. एक साधा, दुसरा लांब केंसांचा. वैशाखांत या दुसऱ्याच्या पोटाखालीं केंसांच्या जटा झाल्या. फणी लावतांच तो निसटे, दांतही लावी. नदीवर धुतांना बैल हलूं लागला म्हणजे वेसण आखडून धरावी, हें आम्हीं लहानपणापासून पाहिलेलें. त्याच हिशेबानें आम्हीं सशास दोन्ही हातांनीं जमिनीवर दाबून धरिलें. त्यानें मागच्या पायांनीं एक जोराचा हिसका दिला, आणि ते पाय पुन्हा हलले नाहींत. पाठीचा कणा मोडला होता. सशाचीं हाडें हलकीं व नाजूक, मागच्या पायांचे स्नायू मात्र विलक्षण बळकट. त्यामुळें जखडलेला ससा स्वतःच्याच लाथेनें स्वतःची पाठ मोडून घेतो, हें पशुवैद्यांनीं आम्हांस नंतर सांगितलें. कचेरींत चूक झाली तर दुरुस्तीची नोंद घालतां येत असे. येथें ती सोय नव्हती.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, खरारा न करूं देणारा ससा हट्टी नसतो. त्यास धरणारा मनुष्य अडाणी असतो. बैलाच्या मानेखालच्या पोळीस हात लावला कीं तो मान लांब करून उभा राहतो. माथेरानावर मोटारीस बंदी असल्यामुळें तेथें घोड्यांचाच राबता. तेही खरारा मुकाट्यानें करून घेतात. त्या जनावरांस मनुष्याच्या हाताची पिढ्यान्‌पिढ्या संवय आहे, शिवाय अंगांत बळ आहे. ससा हा मुळांत भक्ष्य. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या मनानें घारच. कित्येक लोक त्यास उताणा धरितात आणि तो निपचित पडला म्हणजे सुखावला असें समजून खुशाल कात्री चालवितात. ही समजूत साफ चुकीची आहे. पंजांत सांपडलेलें जनावर मेल्याचें सोंग घेतें, त्यांतलाच हा प्रकार. ती शांतता भीतीची असते. पाहुण्यांच्या मुलांपुढें हा खेळ करून दाखविणारे आम्हीं पाहिले आहेत, आणि तें पाहून आम्हांस मनापासून संताप आला.

मग खरारा करावाच कशाला? रानांतल्या सशास कोण विंचरतो? असा प्रश्न एका शेजाऱ्यानें केला. शिवारांतला ससा आणि घरचा ससा या जातीच भिन्न आहेत. आपल्याकडील रानसशाचें पिलूं डोळे उघडे व अंगावर केंस घेऊनच जन्मास येतें. पाळीव सशाचें पिलूं आंधळें व उघडें असतें, आणि त्याचें मूळ युरोपच्या पश्चिमेकडील आहे. (कापणीच्या वेळीं बांधावर सांपडलेलें रानसशाचें पिलूं घरीं आणूं नये, तें बहुधा जगत नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास धरणें हा गुन्हाही आहे.) घरचा ससा वर्षांतून कित्येकदां केंस टाकितो आणि अंग चाटतांना ते गिळतो. मांजर गिळलेले केंस ओकून टाकितें. सशास ओकतांच येत नाहीं. पोटांत भरपूर गवत असेल तर केंस त्याबरोबर पुढें सरकतात. म्हणून खऱ्या निगेचा पहिला भाग गवत, फणी दुसरा. बिस्किटांवर वाढविलेल्या सशास कितीही विंचरलें तरी व्यर्थ. ससा १२ तास कांहींच खात नसेल तर उद्यांची वाट न पाहतां पशुवैद्यांकडे न्यावा.

उरलेल्या सशास आम्हीं धरणेंच सोडून दिलें. सायंकाळीं दार लावून पडवींत गोणपाटावर बसावयाचें, शेजारीं कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवावयाच्या, आणि तो आपण होऊन येईपर्यंत स्वस्थ राहावयाचें. पहिले आठ दिवस तर तो आलाच नाहीं. पुढें आला तेव्हां आम्हीं फक्त कपाळावर बोट फिरविलें. दोन ससे एकमेकांस चाटतात तेंही बहुतेक कपाळावरच, असें निरीक्षणानें कळलें होतें. कपाळावरून कानामागें, तेथून पाठीवर, असा हात पुढें जाण्यास महिना लागला. तळहात किंचित् ओला केला म्हणजे सुटलेले केंस त्यास आपोआप चिकटतात. मऊ रबराचा ब्रश मागाहून घेतला. घोड्याचा लोखंडी खरारा येथें कामाचा नाहीं, कारण सशाची कातडी विड्याच्या पानासारखी पातळ. जटा ओढली तर कातडीही तिच्याबरोबर वर येते आणि कात्रीखालीं सांपडते. ती बोटांनींच थोडी थोडी सोडवावी. आंघोळ मुळींच घालूं नये. कुत्र्याच्या पिसवांवरील फिप्रोनिल नांवाचें औषध तर सशास विषच. आणि पूर्वीं विंचरूं देणारा ससा एकाएकीं नाकारूं लागला तर खरूज, दुखरे दांत किंवा सांधे यांचा संशय धरावा. आषाढ-श्रावणांत रोज शेपटीखालीं पाहावें. तेथले केंस घाणीनें ओले राहिले तर माश्या अंडीं घालतात आणि थोड्याच काळांत अळ्या पडतात.

लांब केंसांच्या सशाविषयीं आमचें म्हणणें कित्येकांस रुचणार नाहीं: तो आपल्या भागांत आणूंच नये. अंगोरा सशांवर सरकारी संशोधन चालतें तें हिमाचल प्रदेशांतील कुलू जिल्ह्यांत, गडसा येथें, थंड हवेंत. सशास घाम येत नाहीं. अंगांतली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकितो. कर्जतचा चैत्र-वैशाख आपणांसच सोसवत नाहीं, तो लोकरीचा कोट घातलेल्या जनावरास कसा सोसावा? पाहुणे छायाचित्रें काढतात म्हणून देखणा ससा आणणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें. साधे ससे ठेवावयाचेच असतील तर पिंजऱ्यावर पाटी लावून, मुलांस ते उचलूं देणें बंद करावें. मुलांनीं खालीं बसून हातावर गवत धरावें. ससा आला तर आला. पाहुणे रागावतील, एखादा पुन्हा यावयाचाही नाहीं. त्या नुकसानीचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

आमच्या ससोबांस अजूनही पोटाखालीं हात लावलेला खपत नाहीं. तेथें हात गेला कीं ते दोन उड्यांत तांदळाच्या कणगीमागें जातात, आणि आम्ही त्या दिवसाचें काम तेथेंच थांबवितों.