अम्हारिकला मिळालं, मग मराठीला का नाही?

परवा चार भाषाप्रेमी मंडळी बसली होती. एकाने तावातावाने मुद्दा काढला, "इथिओपियाच्या अम्हारिकमध्ये प्रत्येक अक्षराला युनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिलाय. मग आपल्या 'कि'ला, 'कू'ला, 'क्ष'ला का नाही? मराठीवर अन्याय आहे हा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी गप्प बसलो, आता बोलतो. हा अन्याय वगैरे काही नाही. आपण चुकीच्या दारावर धडका देतोय.

आधी अम्हारिकचं बघू. तिच्या लिपीला फिदेल म्हणतात. मूळ अक्षरं ३३, प्रत्येकाची स्वरांप्रमाणे ७ रूपं, म्हणजे २३१. वर आणखी काही जोडरूपं. आपली वेलांटी 'क'पासून सुटी करता येते. तिथे स्वर अक्षराच्या अंगातच मुरलेला असतो. कुठे पाय लांबतो, कुठे कडी येते, आणि सगळ्या अक्षरांना एकच नियम लागू पडेल असंही नाही. म्हणून १९९९ साली ही लिपी युनिकोडमध्ये आली तेव्हा 'ह', 'हु', 'हि' यांना १२००, १२०१, १२०२ असे ओळीने क्रमांक दिले. त्या लिपीला तेच योग्य होतं.

पण त्याची किंमतही आहे. त्याच लिपीत लिहिणाऱ्या इतर भाषांची काही अक्षरं पहिल्या यादीत नव्हती. ती २००५, २०१० आणि २०२१ साली वाढवावी लागली. गुरागे भाषांना लागणारी काही अक्षरं तर २०२१ मध्ये आली, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी! आपल्याला एखादी नवी मात्रा मिळाली की ती कुठल्याही व्यंजनाला लावता येते. 'कॅ', 'टॅ', 'बॅ' यांच्यासाठी वेगवेगळे अर्ज करावे लागले नाहीत. ही आपली श्रीमंती आहे, आणि आपण ती अन्याय म्हणून मिरवतोय.

मराठीची खरी गरज होती ती 'ॲ'ची. २००८ साली त्याला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. मग आपण काय केलं? अजूनही 'अ' टाइप करून त्यावर चंद्र ठेवतो. इथेच बघा: ॲ आणि अॅ. डोळ्यांना जवळपास सारखेच, पण संगणकाच्या लेखी पहिलं एक अक्षर, दुसरी दोन चिन्हं.

याचा त्रास काय, ते मी अनुभवलंय. माझ्या शेजाऱ्यांचं नाव 'ॲ'ने सुरू होतं. एका कार्यालयाने टाकलेल्या यादीत ते शोधलं, तर उत्तर आलं: नोंद नाही. म्हातारा माणूस घाबरला. शेवटी पानं उलटत बसलो तेव्हा नाव सापडलं, 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेलं.

अम्हारिकमध्येही शोध चुकतो, पण त्यांची अडचण जुनी आणि खरी आहे. तिथे एकाच उच्चाराची एकाहून अधिक अक्षरं आहेत. 'सूर्य' या अर्थाचा शब्दच लोक वेगवेगळ्या प्रकारे लिहितात. ती अक्षरं एक करून टाकावीत म्हटलं, तर शेजारच्या तिग्रिन्या भाषेत त्यांतल्या काहींचे उच्चार आजही वेगळे आहेत. त्यांचा गुंता इतिहासाने घातलाय. आपला निव्वळ आळसाने.

तेव्हा मागायचंच असेल तर हे मागा: सरकारी यादी, परिपत्रक, आदेश, सगळं युनिकोडमध्येच यावं, जुन्या फॉन्टमध्ये नको. 'ॲ' सगळीकडे एकाच क्रमांकाने लिहिला जावा. आणि शोधयंत्रणेने दोन्ही रूपं ओळखावीत, म्हणजे जुन्या नोंदी हरवणार नाहीत.

नव्या क्रमांकांसाठी आंदोलनं मग करू. जो क्रमांक १९९९ पासून नाही, पण २००८ पासून पदरात आहे, तो तरी आधी नीट वापरू या. सुरुवात स्वतःच्या मोबाइलपासून करा: 'ॲ' लिहा आणि एकदा मागे खोडा. नुसता चंद्र पुसला जाऊन 'अ' उरला, तर समजा की यादीत नाव हरवणाऱ्यांत तुमचाही हात आहे.