कोसला म्हणजे मराठीतलं कॅचर? जरा थांबा राव

'कोसला म्हणजे आपलं मराठीतलं कॅचर इन द राय.' हे वाक्य टाकणारा माणूस लांबून ओळखू येतो. कॅचर त्याने ऑनसाइटला असताना विमानतळावर घेतलेलं असतं, आणि कोसला 'अर्धी झालीये रे, भारी आहे' या कॅटेगरीत पडून असते. वाक्य टाकलं की समोरचा मान डोलावतो आणि चर्चा खल्लास. माझा राग त्या 'खल्लास'वर आहे.

साम्यं आहेत, मी कुठे नाही म्हणतोय? दोन्हीकडे मी-मी करत बोलणारा पोरगा. दोघांनाही शिक्षणव्यवस्थेचा कंटाळा आणि दोघांच्याही तोंडात ठरलेली पालुपदं. पांडुरंग सांगवीकरचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' तर हॉस्टेलवर आम्ही पण मारायचो. दोघांच्याही घरातलं एक लहान भावंड गेलेलं. सॅलिंजरचं पुस्तक १९५१ चं, नेमाडेंचं १९६३ चं. नेमाडे पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवत होते, म्हणजे अमेरिकन पुस्तकं त्यांनी वाचली असणारच. मग? दोन प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबलची नावं सारखी सापडली म्हणून एक दुसऱ्याची कॉपी ठरत नाही. आधी तो प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर चालतोय ते बघा.

ते मशीन म्हणजे पार्श्वभूमी. गंमत अशी की अमेरिकन कादंबरीची पार्श्वभूमी आपल्याला फुकट मिळते. सिनेमे, प्रस्तावना, विकिपीडिया, सगळे समजावून सांगायला बसलेलेच आहेत. सॅलिंजर ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, युद्ध संपल्यावर मन थकून जर्मनीत इस्पितळात राहिला, आणि होल्डन त्याच्यासोबत युद्धाच्या आधीपासून होता. होल्डनची एक गोष्ट न्यूयॉर्करने १९४१ मध्ये स्वीकारली होती. पर्ल हार्बर झाल्यावर ती बाजूला पडली आणि १९४६ मध्ये छापून आली. घरी परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये जीआय बिल आलं, त्यातून लाखो लोक कॉलेजात शिरले. समृद्धी, उपनगरं, टीव्ही, गाड्या. सगळं नीट चाललेलं असताना श्रीमंत घरातल्या एका पोराला सगळं खोटं का वाटतं, हा प्रश्न त्या देशात त्या काळी पेटायलाच हवा होता. हे सगळं आपण मन लावून वाचतो. चांगलंच आहे.

आता सांगवीकडे या. जळगाव जिल्हा, यावल तालुका. आमच्या धरणगावपासून फार लांब नाही. इथली पार्श्वभूमी कोण सांगणार?

मी एकच धागा घेतो. होल्डनचा भाऊ अ‍ॅली ल्युकेमियाने जातो. त्या काळी त्यावर जगात कुठेच इलाज नव्हता, पैसा असो वा नसो. पांडुरंगची बहीण मनी देवीने जाते. देवीची लस १७९६ पासून होती. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली १८०२ मध्ये, आणि तीही आपल्या मुंबईतच! याच होल्डनच्या न्यूयॉर्कमध्ये १९४७ साली देवीची साथ आली. बारा जणांना लागण झाली, दोघं दगावले, आणि महिन्याभरात शहराने साठ लाखांवर लोकांना टोचून साथ संपवली. आपल्याकडे देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १९६२ मध्ये, म्हणजे कोसला यायच्या एक वर्ष आधी. देश देवीमुक्त जाहीर झाला १९७७ मध्ये. आता सांगा, ही दोन मरणं सारखी आहेत? अ‍ॅलीचं मरण दैवाचं आहे. होल्डनला रागवायला समोर कोणीच नाही, म्हणून तो गॅरेजच्या काचा फोडतो. मनीचं मरण टाळता येत होतं. मुंबईत लस येऊन दीडशे वर्षं झाली तरी ती खानदेशातल्या एका पोरीपर्यंत पोचली नाही, किंवा पोचू दिली गेली नाही. पांडुरंगचा राग घरावर, बापावर, गावावर, स्वतःवर असा सगळीकडे का सांडतो ते इथे कळतं. 'दोघांचंही भावंड जातं' असं म्हणून पुढे जाणाऱ्याने पुस्तकातलं सगळ्यात भयंकर पान न वाचताच उलटलंय.

पैशाचंही तसंच. होल्डनला आजी वाढदिवसाचे पैसे वर्षातून चारदा पाठवते, कारण तिच्या लक्षात राहत नाही. पांडुरंग पुण्यात उडवतो तो बापाच्या शेतीतला पैसा, आणि त्याचा हिशेब कधीतरी द्यावा लागणार हे दोघांनाही माहीत असतं. शेतकऱ्याच्या घरातून थेट पुण्याच्या कॉलेजात गेलेली ती पिढी. तेव्हा खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, जळगावला स्वतःचं विद्यापीठ १९९० मध्ये मिळालं. शिकायचं म्हणजे पुण्याकडे बघायचं आणि पुण्याने आपल्या बोलीकडे बघून हसायचं, हे नातं तिथून चालत आलंय. (कंपनीच्या कँटीनमध्ये माझं 'शे ना' ऐकून हसणाऱ्यांना स्नेहपूर्वक नमस्कार.) होल्डन शेवटी कॅलिफोर्नियात उपचार घेत गोष्ट सांगतो. पांडुरंग परीक्षेत आपटून गावी परततो. मानसोपचार नाहीत. आहे ते घर, गाव, बाप आणि ओटा. परतायला गाव असणं ही सोय आहे की शिक्षा, हा प्रश्न होल्डनपुढे कधी येतच नाही. तुमच्यामाझ्यापुढे मात्र दर दिवाळीला येतो.

आणि अमेरिकेशी नातंच शोधायचं असेल तर कापसात शोधा ना! फॉकनरच्या मिसिसिपीवर ज्या युद्धाची सावली आहे ते १८६१ ते ६५ चं. त्याच युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईच्या तोंडाकडे बघू लागल्या आणि इथे भाव आभाळाला भिडले. खानदेशातही कापूसच कापूस. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. म्हणजे फॉकनरच्या मळेवाल्यांचं दिवाळं आणि आमच्या बाजाराची आपटी एकाच दोरीला बांधलेली आहे. पण 'खानदेशातलं मिसिसिपी' असं कोणी म्हणत नाही. त्यासाठी दोन्हीकडचा इतिहास वाचावा लागतो, मुखपृष्ठ बघून भागत नाही.

धरणगावला या लेबलबाजीची जुनी सवय आहे म्हणा. बालकवी आमच्या गावात १८९० मध्ये जन्मले. शाळेत त्यांना 'निसर्गकवी' करून टाकलं, आणि जरा इंग्रजी वाचलेला भेटला की वर्ड्स्वर्थ काढतो. वर्ड्स्वर्थ ऐंशी वर्षं जगला. बालकवी २७ व्या वर्षी भादलीला रेल्वेखाली गेले. त्या कवितांतली उदासी कुठून आली हे विचारायची वेळच आपण येऊ देत नाही. हिरवळ आणि पाऊस, संपला धडा.

तुलना करू नका असं मी म्हणतच नाहीये. देशीवादाच्या नावाखाली खिडक्या बंद करणारे लोक मला तितकेच बोअर करतात. नेमाडे स्वतः लंडनमध्ये शिकवून आलेले आहेत, आणि कोसला सुधाकर मराठे यांनी इंग्रजीत नेली ती १९९७ मध्ये, 'ककून' नावाने. त्यामुळे दोन्ही पुस्तकं एकाच भाषेत शेजारी ठेवून वाचायची सोयही कधीची झालीये. फक्त पुढच्या वेळी कोणी ते वाक्य टाकलं की त्याला एवढंच विचारा, मनी कशाने गेली?