लॉन हिरवं, खाडी उपाशी

फ्लोरिडात घर केलेल्या मराठी बंधुभगिनींनो,

२०२१ साली या राज्याच्या पाण्यात अकराशे मॅनेटी मेले. एका वर्षात इतके मृत्यू आधी कधी नोंदले गेले नव्हते. थंडी पडली, रोग आला, बोटी धडकल्या, असं आपण एकमेकांना सांगतो. बोटींचा गुन्हा खराच आहे. प्रोपेलरनं पाठीवर पडलेल्या वणांवरूनच अभ्यासक एकेक मॅनेटी ओळखतात, इतके ते वण सर्रास आहेत. पण त्या वर्षी पूर्व किनाऱ्यावर, इंडियन रिव्हर लगूनमध्ये, हे जनावर मेलं ते भुकेनं.

मॅनेटी हत्तीचा नातलग. वजन साडेचारशे किलोंच्या घरात, खाणं समुद्रगवत. उपाशी मॅनेटी लगेच ओळखू येतो: डोक्यामागची चरबी झडून खळगा पडतो, पोट खपाटीला जातं.

गवत गेलं कुठे? आपल्या लॉनवरचं खत पावसानं खाडीत जातं, सेप्टिक टँकचं पाणी झिरपून तिथेच पोचतं. त्यावर शेवाळ माजतं, पाणी गढुळतं, ऊन तळाला पोचत नाही आणि गवत मरतं. हिवाळ्यात पाणी २० अंशांखाली गेलं की मॅनेटी वीजप्रकल्पाच्या कोमट पाण्यापाशी गोळा होतात. जवळ खायला काही नाही, आणि गवत शोधायला लांब जावं तर गारठून मरण. अखेर २०२२च्या हिवाळ्यात केप कॅनव्हरलजवळ सरकारी माणसांनी पाण्यात लेट्यूसचे गड्डे टाकून त्यांना जगवलं. रानातल्या जनावराला आपण भाजीवर आणून ठेवलं, याची मला लाज वाटते.

आणि याच प्राण्याला केंद्र सरकारनं २०१७ साली संकटग्रस्त यादीतून एक पायरी खाली उतरवलं होतं! हा निर्णय चुकला, हे चार वर्षांत प्रेतांनीच सांगितलं.

मुसळधार पावसात युरिया फेकायचा नसतो, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. आपल्यातले कितीतरी जण शेतकऱ्यांचीच पोरं आहेत. याच लगूनच्या काठावरच्या ब्रेव्हार्ड काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर लॉनला नत्र-स्फुरदाचं खत घालायला बंदी आहे. लॉनवाला काय फवारतो, ते त्याला उभं करून विचारा. घराजवळून सांडपाण्याची लाइन गेली असेल तर सेप्टिक टँक बंद करून तिला जोडून घ्या. आणि तुमच्या काउंटीत बंदी असो वा नसो, या पावसाळ्यात खताची पिशवी गॅरेजबाहेर काढू नका.