चिमुकल्या इंजिनाचा बंदोबस्त
पितळी भांड्यांचा लौकिक मिरविणाऱ्या भंडाऱ्यास धातू उजळण्याचे शास्त्र कोणी शिकवावे, हा सवाल रास्तच. तथापि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत ज्यांना प्रतिकृति-विमानांचा छंद जडला, त्यांनी त्या विमानांच्या इवल्या इंजिनास चिंच लावण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्या ॲल्युमिनियमला चिंचेचे आम्ल सोसत नाही. मिथेनॉल व एरंडेलावर चालणाऱ्या या यंत्रात उरलेले मिथेनॉल आर्द्रता शोषून घेते, आणि वैनगंगाकाठच्या दमट श्रावणात पोलादी बेअरिंगांवर गंज बिनबोभाट कब्जा करतो. सबब उड्डाणानंतर टाकी रिती करून, नळीतले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून, आत पातळ तेलाचे चार थेंब सोडून पंखा हाताने फिरवावा. बाहेरचा एरंडेली चिकटा स्पिरिटने पुसावा. एवढी तसदी ज्यास जड वाटते, त्याने खुशाल पतंग उडवावेत.