द्विभाषिकांवरचा खोटा आरोप

लहान भाषा मरतात त्या त्यांच्या भाषकांनी दुसरी भाषा आत्मसात केल्यामुळे, हे विधान आपल्याकडील परिसंवादांत इतक्या बिनदिक्कतपणे केले जाते, की त्याला पुरावा मागणेही अप्रशस्त वाटावे. आम्हांला ते मान्य नाही. शिबे या तुंगुसी भाषेचा इतिहास त्याच्या थेट विरोधात जातो.

१७६४ साली चिआनलुंग सम्राटाने मुकदेन (आजचे शेनयांग) परिसरातील सुमारे हजार शिबे सैनिकांना कुटुंबांसह साम्राज्याच्या पश्चिम सीमेवर, ईली नदीच्या खोऱ्यात धाडले. वर्षाहून अधिक काळ प्रवास करून ते तेथे पोचले आणि पुढे आठ तटबंद वसाहतींत स्थिरावले. शेजार कझाक आणि उइगुरांचा, लष्करी कारभार मांचूतून, नंतर सत्ता चिनी भाषकांची. ईलीकाठचा शिबे माणूस तीन-चार भाषा सहज बोलण्याबद्दल ख्यातनाम झाला, आणि तरीही आपली भाषा बोलत राहिला. मायदेशी राहिलेल्या शिबेंची संख्या कितीतरी मोठी; त्यांचे वंशज मात्र चिनीच बोलतात. बहुभाषिकता घातक असती तर निकाल उलटा लागायला हवा होता.

राजाश्रयाने भाषा तगते, हा दुसरा लाडका सिद्धान्त. मांचू ही १६४४ ते १९१२ एका अवाढव्य साम्राज्याच्या राज्यकर्त्यांची भाषा. तिच्यासाठी कोश झाले, परीक्षा झाल्या, आणि ती विसरणाऱ्या अधिकाऱ्यांना खुद्द चिआनलुंगने फटकारले. आज स्वतःला मांचू म्हणविणारे लोक सुमारे एक कोटी. जन्मभाषा म्हणून मांचू बोलणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बीजिंगच्या अभिलेखागारातील मांचू दप्तर वाचायला शिबे भाषकांना पाचारण करावे लागले, यातला उपरोध आमच्या भाषाभिमान्यांनी जरूर चघळावा.

मग शिबे तगली कशाने? आमच्या मते त्या आठ वसाहतींमुळे. तेथे घरात, शेतात, पहाऱ्यावर शिबेला रोजचे काम होते. कझाक बाजारात लागे, पण ती चुलीपाशी येऊन बसत नसे. प्रश्न किती भाषा येतात हा नाही, कोणती भाषा कुठे लागते हा आहे.

म्हणूनच शिबे वृत्तपत्राकडे बोट दाखवून निश्चिंत होणाऱ्यांशीही आमचे पटत नाही. छाप्छालचे ते पत्र १९४६ पासूनचे, त्याचे मोल आहेच. पण त्यातील लेखी शिबे मांचूच्या इतकी निकट आहे, की बोलणाऱ्यालाही ती वेगळी शिकावी लागते. शिकणार कुठे? सांस्कृतिक क्रांतीत शाळेतील शिबे बंद पडली, पुढे परतली ती प्राथमिक वर्गांतल्या मोजक्या तासांपुरती. बाकी सारी शाळा चिनीतून. या मुलांनी चिनी शिकू नये, असे छाप्छालमधला एकही बाप म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. त्या शाळेत गणित शिबेतून का शिकवले गेले नाही, एवढेच आमचे विचारणे आहे. आणि ते मुलांना नव्हे, वेळापत्रक आखणाऱ्यांना आहे.