'मोनोनोके' म्हणजे 'झाडे लावा, झाडे जगवा' नव्हे

'प्रिन्सेस मोनोनोके'बद्दल लिहिणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना त्यात 'पर्यावरणाचा संदेश' सापडतो. माणूस हावरट, निसर्ग निष्पाप, शेवटी सगळं पुन्हा हिरवंगार. तेव्हा मुलांना आवर्जून दाखवा. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. हायाओ मियाझाकींना १९९७ साली एवढंच सांगायचं असतं, तर सव्वादोन तासांचा चित्रपट कशाला काढला असता? एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवायच्या घोषणेत काम भागलं असतं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ जपानचा मध्ययुगीन, मुरोमाची. अंगात लोखंडी गोळी रुतल्यामुळे पिसाळलेला एक रानडुक्कर-देव गावावर चालून येतो. आशिताका नावाचा तरुण त्याला मारतो आणि शापित हात घेऊन गाव कायमचं सोडतो. गोळीचा माग काढत तो पोचतो तातारा-बा नावाच्या वस्तीत. नदीकाठची लोहयुक्त वाळू वितळवून तिथे लोखंड काढतात आणि भट्टीसाठी डोंगरच्या डोंगर बोडके करतात. वस्तीची मालकीण एबोशी. तिच्या जिवावर उठलेली सान, लांडग्यांनी वाढवलेली मुलगी.

आता हावरट माणसाच्या गोष्टीत एबोशी खलनायिकाच असायला हवी. पण तिच्या वस्तीत भाता कोण चालवतंय ते बघा. कुंटणखान्यांतून तिनं विकत घेऊन सोडवलेल्या बायका. त्या पायानं भाता मारतात, चार दिवस आणि पाच रात्री, पाळ्या लावून. काम कष्टाचं आहे, पण शहरापेक्षा इथे बरं, असं त्या आशिताकाला हसत सांगतात. पोटभर जेवायला मिळतं, पुरुष अंगचटीला येत नाहीत. प्रत्यक्षातल्या तातारा भट्ट्यांवर बायकांना मज्जाव असे. भट्टीच्या देवीला त्या चालत नाहीत, अशी समजूत होती. चित्रपटातही एक जण बोलून जातो, की बाईमुळे लोखंड बाटतं म्हणून एरवी कुणी त्यांना जवळ येऊ देत नाही. म्हणजे मियाझाकींना परंपरा ठाऊक होती, आणि ती त्यांनी मुद्दाम उलटी केली.

आणि एबोशीच्या बागेमागच्या झोपडीत कोण आहे? अंगभर पट्ट्या गुंडाळलेले रोगी. त्यांच्याकडून ती हलक्या बंदुका बनवून घेतेय. रोगाचं नाव चित्रपट घेत नाही. तो कुष्ठरोग असल्याचं मियाझाकींनी पुढे जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या घरापासून जवळच तामा झेन्शोएन ही कुष्ठरोग्यांची जुनी वसाहत आहे. ते तिथे गेले, आणि इथून पुढे हयगयीनं काम करायचं नाही असं त्यांना वाटलं, हेही त्यांनीच सांगितलंय. अशा रोग्यांना समाजातून वेगळं काढणारा कायदा जपाननं रद्द केला १९९६ मध्ये, चित्रपटाच्या एक वर्ष आधी. झोपडीतला अंथरुणाला खिळलेला म्हातारा आशिताकाला विनवतो, की आम्हांला माणूस समजणारी ही एकटीच, तिनं आमचं सडकं मांस धुतलं, तिला मारू नकोस. हा प्रसंग गाळून 'निसर्ग विरुद्ध माणूस' असं लिहिणाऱ्यांना विचारावंसं वाटतं: माणूस म्हणजे कोण? भाता मारणारी की पट्ट्यांतला म्हातारा? जंगल वाचवायचं तर यांनी कुठे जायचं? परत कुंटणखान्यात?

एबोशीचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. शिशीगामीचं, म्हणजे वनदेवाचं, मुंडकं तीच उडवते. त्यात सम्राटाला अमर व्हायचंय, आणि त्याचं काम करणारा जिको तिला वापरून घेतोय. पण बाई वापरली जातेय म्हणून निर्दोष ठरत नाही. मुद्दा एवढाच, की ती सज्जन आहे आणि विध्वंसकही आहे, एकाच हातानं.

निष्पाप निसर्गाचंही तसंच. माकडांना माणसाचं मांस खायचंय, म्हणजे त्याची ताकद आपल्यात येईल. आंधळा डुक्कर-देव ओक्कोतो मरण समोर दिसत असूनही केवळ इभ्रतीसाठी अख्खा कळप माणसांच्या दारूगोळ्यावर घालतो. शिशीगामीच्या प्रत्येक पावलाखाली रोपं उगवतात, फुलतात आणि पाऊल उचलायच्या आत वाळून जातात. वाळण्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. तो आशिताकाची जखम भरतो, शाप मात्र तसाच ठेवतो. का, ते कुणालाच कळत नाही. देव पाळीव नाही, एवढंच त्या चित्रातून कळतं.

हे सगळं सुमारे १,४४,००० सेल्सवर रंगवून उभं केलंय. संगणकाची चित्रं जेमतेम पाच मिनिटांची. चमू याकुशिमा बेटावरच्या देवदारांत जाऊन राहिला, आणि काझुओ ओगा, निझो यामामोतो वगैरे कलादिग्दर्शकांनी ते शेवाळ, तो ओला काळोख पडद्यावर आणला. ते जंगल सुंदर आहे, पण 'फ्रेश' वाटत नाही. तिथे आपण आगंतुक आहोत हे रंगच सांगतात. २०२५च्या मार्चमध्ये लोकांनी एआयकडून लग्नाचे, कुत्र्यामांजरांचे फोटो 'घिबली' करून घेतले आणि आपल्याला घिबली म्हणजे गुबगुबीत गाल आणि लोण्यासारखा उजेड असं वाटायला लागलं. सान पहिल्यांदा नीट दिसते तेव्हा लांडगीच्या जखमेतलं रक्त चोखून थुंकत असते, तोंड लालभडक. आशिताकाच्या बाणानं सामुरायाचे हात तुटून उडतात. करा ते फिल्टर.

राहता राहिला शेवट, ज्यावर हिरवी मंडळी सगळ्यात जास्त खूश असतात. मुंडकं परत मिळतं, शिशीगामी कोसळतो, वादळ सुटतं आणि बोडक्या डोंगरांवर गवत, फुलं पसरतात. पण रंग बघा. हा पोपटी, उन्हातला, कुरणाचा हिरवा आहे; आधीचा गर्द, निळसर काळोख कुठेच नाही. सान तर तोंडानंच सांगते, की हे पुन्हा उगवलं तरी ते शिशीगामीचं जंगल राहिलं नाही. उलट हिरवळ बघून हरखतो कोण? कोरोकू, बायकोच्या शिव्या खाणारा वस्तीतला विनोदी गडी. जपानी लोककथेत राख उधळून वठलेल्या झाडांना फुलं आणणारा एक म्हातारा आहे. शिशीगामी तोच होता की, असं हा भाबडेपणानं म्हणतो. म्हणजे आपले बहुतेक समीक्षक जे गंभीरपणे लिहितात, ते मियाझाकींनी आधीच एका विदूषकाच्या तोंडी घालून ठेवलंय.

आशिताकाच्या तळव्यावर पुसटसा डाग राहतो. सान माणसांना माफ करत नाही. ती रानात जाते आणि तो तातारा-बात राहतो. एक हात गमावलेली एबोशी म्हणते, पुन्हा सुरुवात करू, चांगलं गाव वसवू. आणि त्या चांगल्या गावाला लाकूडफाटा लागणारच आहे.